जुनी साखळी-करवत आणि तिचे सुटे भाग

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि काही तासांत नारळ, सुपारी, आंबा यांची जुनी झाडे आडवी करून गेले. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत वर गुजरातकडे गेले, तेव्हाही कोकणात तीच गत. झाड रस्त्यावर पडले म्हणजे दवाखान्याची गाडी अडते, विजेच्या तारांचे काम अडते, दूध अडते. आंब्याचे जुने खोड कुऱ्हाडीने तोडायला दिवस मोडतो. अशा वेळी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, जिला आपल्याकडे आता सर्रास चेन-सॉ म्हणतात, ती हाताशी असली तर तेच काम घटकाभरात होते.

पण ही वर्षातून एखादे वेळी लागणारी वस्तू. एरवी ती माळ्यावर पडून असते. नेमकी नड आली की दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण करवत काही बोलत नाही. मग गावातला मिस्त्री ती उघडतो, आत फुंकर मारून पाहतो आणि सांगतो, "मशीन चांगलं आहे हो, पण ह्याचा पार्ट मिळत नाही."

त्या एका वाक्यामागे जवळजवळ शंभर वर्षांची हकीकत आहे. यंत्राचे लोखंड धडधाकट असताना ते भंगारात का जाते, आणि त्याच वयाचे दुसरे यंत्र का टिकते, हे त्या हकीकतीवरून चांगले समजते.

साखळीला दाते लावून कापावयाची कल्पना लाकूडतोड्यांची नव्हे, डॉक्टरांची आहे, हे ऐकून नवल वाटेल. १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने या गृहस्थाने हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाचे एक उपकरण केले. त्यात एका पट्टीभोवती दातेरी साखळी फिरत असे. जंगलात ही कल्पना जायला मात्र हलके पेट्रोल इंजिन यावे लागले. १९२६ साली श्टुटगार्ट येथे आंद्रेआस श्टील याने विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. पुढच्या वर्षी एमिल लेर्प याने आपली पेट्रोलची करवत थुरिंगिया प्रांतातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवली आणि त्या डोंगराचेच नाव यंत्राला दिले. १९२९ साली श्टीलनेही पेट्रोलची करवत आणली. लेर्पची करवत ५८ किलो वजनाची, श्टीलची ४६ किलोची. म्हणजे दोन माणसांनी दोन टोकांना धरून ती झाडाशी न्यावयाची. आपल्याकडचे सुतार दोघे मिळून जी मोठी करवत ओढीत, तिच्यात आणि हिच्यात माणसांची संख्या तीच राहिली, घाम तेवढा कमी झाला.

सुट्या भागांचा प्रश्न पहिल्यांदा खरा पेटला तो दुसऱ्या महायुद्धात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अजस्र जंगलांत तोवर जर्मन करवती गेल्या होत्या. १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि जर्मनीहून माल येणे थांबले. इकडे लाकडाची मागणी तर दुप्पट-चौपट झालेली; विमानांच्या बांधणीसाठीसुद्धा तिथले स्प्रूस लाकूड हवे होते. करवत आहे, झाड आहे, माणूस आहे, पण झिजलेला भाग आणायचा शत्रूच्या देशातून! तेव्हा व्हँकूव्हर शहरातल्या कारखान्यांनी जर्मन यंत्रांच्या धर्तीवर आपले भाग आणि पुढे आपल्या अख्ख्या करवती बनवायला घेतल्या. उत्तर अमेरिकेतल्या या धंद्याला जो मोठा जोर चढला, त्याच्या मुळाशी ही सुट्या भागांची टंचाई होती. भाग मिळेना म्हणून कारखाना निघाला, अशी ही गोष्ट आहे.

युद्धानंतरचा एक माणूस मात्र माझ्या मते साऱ्या हकीकतीत महत्त्वाचा. त्याचे नाव जोसेफ कॉक्स. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात तो लाकूड तोडण्याचे काम करी. त्या काळच्या साखळीचे दाते जुन्या हातकरवतीसारखेच असत. ते लाकूड ओरबाडीत, लवकर बोथट होत आणि त्यांना धार लावणे हे जाणत्याचेच काम असे. दिवसातले कितीतरी तास कानस घासण्यातच जात. १९४६ साली कॉक्सने एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड खाताना पाहिली. ती अळी सरळ पुढे खात नव्हती. आपले दोन वाकडे जबडे डावीउजवीकडे चालवून ती लाकडाच्या रेषेतून आणि रेषेला आडवी अशी दोन्हीकडे सुखाने वाट काढीत होती. कॉक्सने तसे पोलादी दाते घडवले, एक डावा, एक उजवा, वरून वाकवलेले, रंध्यासारखा कीस काढणारे. १९४७ साली त्याने पोर्टलंड शहरात आपली साखळी विकायला सुरुवात केली. या दात्याला साधी गोल कानस पुरते, आणि शिकवले तर चार दिवसांत कोणालाही धार लावता येते. आज जगातल्या बहुतेक साऱ्या साखळ्या याच घडणीच्या वंशातल्या आहेत.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉक्स करवत बनवीत नव्हता. तो फक्त साखळी बनवीत होता आणि ती अनेक कंपन्यांच्या करवतींवर बसे. त्यामुळे साखळीच्या मापाला कंपनीबाहेरचे, बाजाराचे असे एक स्थान आले.

तीच गोष्ट कार्ब्युरेटरची. साध्या इंजिनात पेट्रोलची पातळी राखायला आत एक तरंगता गोळा असतो. इंजिन कलले की तो फसतो. झाड तोडताना तर करवत आडवी धरावी लागते, कधी कधी उलटीही. १९५० च्या दशकात गोळ्याऐवजी पातळ पडद्याने पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटर सर्रास आले आणि करवत कशीही फिरवता येऊ लागली. हे कार्ब्युरेटरही करवतवाल्यांनी नव्हे, तर अमेरिकेतल्या टिलॉटसन आणि वॉलब्रो, जपानच्या झामा अशा निराळ्या कारखान्यांनी बनवले. एकाच घडणीचा कार्ब्युरेटर पाच कंपन्यांच्या करवतींत गेला. म्हणून आजही साठ वर्षांच्या जुन्या करवतीसाठी पडदे आणि पॅकिंग यांचा संच पुष्कळदा नवा मिळतो. त्या करवतीची कंपनी बुडून तीस वर्षे झाली असली तरी मिळतो!

आता उलट बाजू पाहू. १९४९ साली लॉस एंजल्सच्या मॅक्कलक कंपनीने सुमारे २५ पौंडांची, एका माणसाने चालवावयाची करवत आणली आणि अमेरिकेत ती घरोघर गेली. हा रॉबर्ट मॅक्कलक मोठा हौशी माणूस. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्याने तळ्याकाठी नवे शहर वसवले आणि १९६८ साली लंडनचा जुना पूल विकत घेऊन, दगड न् दगड क्रमांक घालून, तिथे नेऊन पुन्हा उभा केला. पुलाचे दगड क्रमांकावरून पुन्हा जुळले. पण १९९९ साली त्याची अमेरिकेतली कंपनी दिवाळ्यात निघाली, तेव्हा तिच्या लाखो करवतींना नव्या भागांचा पुरवठा करणारे मूळ घरच राहिले नाही. नाव तेवढे विकले गेले. ते आज स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीकडे आहे. नव्या मालकाला जुन्या करवतीच्या क्लचमध्ये कसला रस? होमलाइट या दुसऱ्या नामांकित कंपनीचेही तेच झाले. १९५५, १९९४ आणि पुन्हा नव्या शतकाच्या आरंभी तिचे मालक बदलले. मालक बदलला की साचे हलतात, काही मोडीत जातात. जर्मनीची डोलमार १९९१ साली जपानच्या मकिताने घेतली, आणि मकिताने २०२२ साली पेट्रोलची यंत्रे बनवणेच थांबवले.

तेव्हा जुन्या करवतीपुढे बसलात की पहिला प्रश्न "ही कोणत्या कंपनीची?" हा नव्हे. "हिचे कोणते भाग बाजाराचे आहेत, आणि कोणते फक्त तिच्या घरचे?" हा पहिला प्रश्न. साखळी, पट्टी, प्लग, कार्ब्युरेटर, बेअरिंग, पेट्रोलची नळी, दोरी हे बाजाराचे. क्रँककेस, पंख्याचे चाक, क्लचची डबी, हँडल, टाकीचे झाकण हे घरचे. घरचा भाग तुटला तर बहुधा एकच वाट उरते. त्याच जातीची दुसरी मेलेली करवत शोधायची आणि तिचे अवयव काढायचे. युरोप-अमेरिकेत जुन्या करवती दुरुस्त करणारे लोक मोडक्या करवती विकत घेऊन मांडणीवर रचून ठेवतात, त्या ह्याचसाठी. आपल्या मिस्त्रींना हे शिकवायला नको. जुन्या सायकली आणि ऑइल इंजिने त्यांनी अशीच जगवली आहेत.

बाजाराचा भाग मागायचा तर मापाने मागावा लागतो. शिक्षक बंधुभगिनींना यातून वर्गात सांगायला एक झकास गणित मिळेल. साखळी मागताना तीन आकडे सांगावे लागतात: दोन कड्यांमधले अंतर, पट्टीच्या खाचेची रुंदी, आणि खाचेतून धावणाऱ्या कड्यांची संख्या. पहिला आकडा काढताना लागोपाठच्या दोन रिव्हेटांमधले अंतर मोजून चालत नाही. ते अंतर एकाआड एक कमीजास्त असते. म्हणून तीन रिव्हेट घ्यायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजायचे आणि त्याची निमपट करायची. पाऊण इंच भरले तर निम्मे तीन अष्टमांश इंच, म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत तीन सूत. हेच माप आज सर्वांत जास्त चालते. जुन्या मोठ्या करवतींना साडेतीन सूत किंवा चार सूत मापाच्या साखळ्या असत. त्या आता दुर्मिळ. पण म्हणून करवत टाकून द्यावी लागत नाही. साखळी फिरवणारे दातेरी चक्र बदलून आणि त्या मापाची पट्टी व साखळी घालून ती आजच्या मापावर आणता येते. चक्र, पट्टी आणि साखळी ही तिन्ही एका मापाची हवीत, एवढे पाळले म्हणजे झाले. नव्या साखळीखाली झिजलेले जुने चक्र ठेवले तर ते नव्या साखळीलाही लवकर खाते.

बेअरिंगचे तर याहून सोपे. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. ६२०२ असेल तर आतले भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११. ६२०३ असेल तर अनुक्रमे १७, ४० आणि १२. हे आकडे जगभर एकच. पाण्याच्या पंपाच्या मोटारीत बसणारे आणि कित्येक करवतींच्या क्रँकवर बसणारे बेअरिंग एकाच मापाचे असू शकते. मात्र करवतीचे इंजिन मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेते आणि तापते फार. म्हणून माप जुळले तरी आतली मोकळीक आणि गोळ्यांचा पिंजरा त्या उष्णतेला झेपेल असाच घ्यावा. पंख्याचे काढून करवतीत घालू नये. ऑइल सीलही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन आकड्यांनी मिळते.

काही कंपन्यांनी आपल्या भागांच्या क्रमांकातही एक युक्ती ठेवली आहे. श्टीलच्या भागाच्या क्रमांकातले पहिले चार आकडे, तो भाग प्रथम कोणत्या जातीच्या करवतीसाठी केला हे सांगतात. ११२५ म्हटले की ०३४ आणि ०३६ या करवतींचे कूळ, ११२८ म्हटले की ०४४ आणि ०४६ यांचे. तोच भाग पुढे दुसऱ्या करवतीत वापरला तरी क्रमांक जुनाच राहतो. भागांच्या यादीत डोके घातले तर कोणती करवत कोणाची चुलत बहीण, हे त्यावरून उमगते, आणि अवयव कोणाकडून घेता येतील तेही कळते.

आता एक विनोद सांगतो. आज आपल्या बाजारात ५२ किंवा ५८ घनसेंटीमीटरच्या ज्या स्वस्त चिनी घडणीच्या करवती मिळतात, त्यांच्यावर नाव कोणाचेही असते, आणि उद्या त्या नावाला जबाब देणारा कोणी सापडेलच असे नाही. पण त्या बहुतेक एकाच साच्याच्या असल्यामुळे त्यांचा कार्ब्युरेटर, सिलिंडर, पिस्टन तालुक्याच्या दुकानातही मिळून जातो. नामांकित घराण्याची जुनी करवत भागावाचून पडून राहते आणि बिनघराण्याची चालते! टिकाऊपणात दोघींची बरोबरी नाही, हे मात्र खरे. बदली सिलिंडर घेताना त्याच्या आतल्या खिडक्यांच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. धारदार राहिल्या असतील तर पिस्टनची रिंग त्यांत अडकून तुटते.

जुनी करवत सुरू होत नाही तेव्हा दोष बहुधा मोठ्या भागात नसतोच. तो असतो रबरात. पेट्रोलची नळी तडकते, कार्ब्युरेटरचा पडदा पत्र्यासारखा ताठ होतो, सील आकसते. आपल्याकडे २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागले. उसाला आणि मक्याला त्याने गिऱ्हाईक आले, ते चांगलेच. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. नळी आणि पडदे नव्या रबराचे घालावेत आणि काम संपताच टाकी रिकामी करून उरलेले पेट्रोल जाळून टाकावे. कोरडी ठेवलेली करवत माळ्यावर कितीतरी बरी राहते. तेलाचेही तसेच. जुन्या करवतींच्या पत्र्यावर सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल असे लिहिलेले आढळते. ते त्या काळच्या साध्या इंजिन तेलाला धरून होते. आजचे दोन-स्ट्रोकचे तेल निराळे, त्याचे प्रमाणही कमी. पण जुन्या इंजिनाला ते सढळ हाताने घातलेले बरे.

सील गळू लागले की काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते, मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, आणि पेट्रोलबरोबरच इंजिनाला वंगणही मिळत असल्यामुळे तेही कमी पडते. इंजिन आवाजाने मोठे झोकात पळते, मालक खूश होतो, आणि काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला चिकटतो. चार पैशांच्या सीलपायी सर्वांत महाग भाग जातो. म्हणून करवत एकदम जोरात पळू लागली तर ती सुधारली असे समजू नये, बंद करावी.

१९७० च्या दशकापूर्वीच्या बहुतेक करवतींत ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर असत. पॉइंट मळले की ठिणगी नाही. ते कोरड्या कागदाने पुसले तरी अर्ध्या करवती बोलू लागतात. चुंबकाचे चाक आणि कॉइल यांतले अंतर लावायला जुन्या मिस्त्रींचे माप म्हणजे भेटीचे साधे कार्ड. ते मध्ये धरावे, कॉइल टेकवावी, स्क्रू आवळावे, कार्ड ओढून घ्यावे. स्क्रूबद्दलही दक्षता हवी. अमेरिकन करवतीचे आटे इंचाचे, जर्मन आणि स्वीडिश करवतीचे मिलिमीटरचे. क्रँककेस मॅग्नेशियमची, म्हणजे मऊ. जवळचा दिसला म्हणून भलता स्क्रू दामटला की आटे गेलेच. आणि मॅग्नेशियमला गावच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. ती धातू पेट घेते आणि पाण्याने विझत नाही.

एवढे सगळे जमले तरी एक जागा अशी आहे, जिथे दुरुस्तीचा हट्ट मला पटत नाही. पट्टीचे टोक लाकडात अडखळले की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्या क्षणी साखळी थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात आला. त्याआधीच्या करवतींना तो नाही, आणि मागाहून बसवता येईल असा भागही बहुधा मिळत नाही. तसेच हातांचे. १९६० च्या दशकात स्वीडन, ब्रिटन, जपान येथल्या जंगल कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, असे दिसून आले. इंजिनाच्या हादऱ्यांनी बोटांतला रक्तपुरवठा बिघडला होता. त्यानंतर हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे गट्टू आले. ज्या करवतीला ब्रेक नाही किंवा जिचे गट्टू फाटले आहेत, ती शाळेत मुलांना उघडून दाखवायला उत्तम. मजुराच्या हातात दिवसभरासाठी देऊ नये. गट्टू मिळत असतील तर कार्ब्युरेटरच्या आधी ते आणावेत. ब्रेकचा पट्टा झिजला असेल तर तो आधी आणावा, पैसे उरले तर बाकीचे.

पावसाळ्याच्या तोंडावर, वाऱ्याचे दिवस यायच्या आत, करवत एकदा खाली काढावी. प्लग पाहावा, पडदा पाहावा, साखळीच्या कड्या मोजाव्यात. साखळीचे तिन्ही आकडे, प्लगचा नंबर, कार्ब्युरेटरवर कोरलेली अक्षरे आणि करवतीची जात, एवढे तेलरंगाने झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावे. रस्त्यावर झाड पडलेले असताना शहरातल्या दुकानदाराला फोनवरून तेवढेच वाचून दाखवावे लागते.